पहिल्या लेनमधले बाबा

रामटेके मॅडमच्या वडिलांना मी कधी पाहिलं नाही. मी चंद्रपूरच्या हॉस्पिटलात लागले तेव्हा त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. तरीही मॅडमसोबत काम केलं तेवढी सगळी वर्षं मी त्यांच्या वडिलांसोबतही काम केलं, असं म्हटलं तर ते खोटं होणार नाही.

त्याआधी मी वडशाला एका लहान लॅबमध्ये टेक्निशियन होते. शुगर, मलेरिया, हिमोग्लोबिन, एवढंच काम. इथे मला व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत पाठवलं. त्या खोलीत रक्तातली प्रथिनं वेगळी करून पाहायचं काम चालायचं. एक टाकी, तिला करंट देणारं यंत्र, एक जुना डीप फ्रीजर आणि पूर्वेकडे मोठी खिडकी. खिडकीशी एक उंच, सावळ्या बाई उभ्या होत्या. अॅप्रनच्या बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, चष्मा दोरीला लटकवलेला. त्या डॉ. वंदना रामटेके, आमच्या पॅथॉलॉजिस्ट.

काम त्यांनी मला उभ्याउभ्याच समजावलं. जेलच्या पातळ पापुद्र्यावर ओळीने बारीक खाचा असतात. प्रत्येक खाचेत एकेका पेशंटच्या सीरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वर येणाऱ्या पिवळ्या पाण्याचा, मोहरीएवढा थेंब टाकायचा. करंट दिला की प्रथिनं आपापल्या लेनमधून धावतात. कोणी पुढे जातं, कोणी मागे राहतं. मग जेल रंगवलं की निळे पट्टे दिसतात.

"चल, लाव," त्या म्हणाल्या. "पहिल्या लेनला बाबांना घे."

मला वाटलं, बाबा नावाचा कोणी पेशंट असेल. मी ट्रेमधल्या नळ्यांवरची नावं वाचू लागले.

"तिथे नाहीत ते. फ्रीजर उघड. वरचा कप्पा, डावीकडे."

कप्प्यात बोटाच्या पेराहून लहान अशा प्लास्टिकच्या कुप्या होत्या. प्रत्येकीवर एकच शब्द लिहिलेला होता, 'बाबा'. मी एक काढून हातात धरली. ती हळूहळू वितळली आणि मी तिच्यातला थेंब पहिल्या खाचेत टाकला. दुपारी जेल रंगून तयार झालं तेव्हा मॅडमनी ते खिडकीच्या उजेडात धरलं. ट्यूबलाइटखाली त्या जेल कधीच बघत नसत. बाकी लेनमध्ये शेवटचा भाग धुक्यासारखा पसरट होता. पहिल्या लेनमध्ये मात्र तिथे एक गडद, कोरीव रेघ उमटली होती.

"बाबा नीट आले," त्या म्हणाल्या. "आता बाकीच्यांचं बघू."

मी काही विचारलं नाही. नवीन होते. आणि त्यांचा आवाज असा होता की विचारायची हिंमत होईना.

उलगडा केला त्यांच्या यजमानांनी. ते बल्लारपूरला शाळेत शिक्षक होते. गोल चेहऱ्याचे, थट्टेखोर. मॅडम डबा विसरल्या की तो घेऊन यायचे. एकदा आले तेव्हा मॅडम वॉर्डात होत्या. सरांनी दारातूनच विचारलं, "काय बाई, आमचे मामाजी आले का ड्यूटीवर?"

आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मी फ्रीजरकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"हो हो, तेच," सर म्हणाले. "पेपर मिलमधून रिटायर व्हायच्या आधीच गेले बिचारे, पण पोरीनं सोडलं नाई त्यांना. अजून कामाले लावून राह्यली." ते हसले. मग डबा टेबलावर ठेवता ठेवता हळूच म्हणाले, "घरी कधी बोलत नाई ती यावर. म्या हसण्यावारी नेतो. तुम्ही नका विचारजा."

मी विचारलं नाही. मॅडमनीच सांगितलं, पण तुकड्या-तुकड्यांनी, दोन-तीन वर्षांत मिळून. जेल धावत असताना काही काम नसायचं. तेव्हा त्या बाहेरच्या पायरीवर बसून फुटाणे खायच्या आणि मला शेजारी बसवायच्या. तिथे कळलं ते असं.

त्यांचे वडील मिलच्या आवारात बांबू उतरवायचे. पाठ दुखू लागली. बांबू उचलणाऱ्याची पाठ दुखणारच, असं सगळ्यांना वाटलं, त्यांना स्वतःलाही. ते दुखण्याच्या गोळ्या खात राहिले. मॅडम तेव्हा नागपूरला पॅथॉलॉजी शिकत होत्या. सुट्टीत घरी आल्या तर वडील फिके दिसले. त्यांनी रक्त काढून नागपूरला नेलं आणि स्वतः काचेवर थेंब पसरून काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तांबड्या पेशी सुट्या नव्हत्या. एकीवर एक अशा चिकटून त्यांच्या चवडी लागल्या होत्या.

"जाड काचपट्टी केली की तसं दिसतंच," मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं, आपला हात बसलेला नाही. दुसरी केली. तीही तशीच. तिसरी केली, पातळ, आणि जिथे पेशी सुट्या दिसत होत्या तेवढाच भाग बघितला. बाबांना कळवलं, रक्त कमी आहे, बीट खा."

पुढे किडन्या गेल्या. नागपूरला भरती केलं. गोळ्यांमुळे किडन्या गेल्या असा सगळ्यांनी अर्थ लावला आणि तो चुकीचा वाटावा असं काहीच नव्हतं. रोज रक्त काढत. तपासण्या झाल्या की उरलेलं सीरम मॅडम जमा करून डिपार्टमेंटच्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या. का, ते त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं. दसऱ्याच्या सुमारास वडील गेले.

दिवस झाल्यावर त्या परत गेल्या. डिपार्टमेंटमध्ये इलेक्ट्रोफोरेसिसचं प्रॅक्टिकल होतं, म्हणजे हेच, जेलवर प्रथिनं वेगळी करायचं. प्रत्येकाला एकेक सीरम हवं होतं. कोणीतरी फ्रीजरमधून नळ्या काढून वाटल्या. मॅडमच्या हातात जी आली तिच्यावर त्यांचंच अक्षर होतं.

"रेघ आली," त्या म्हणाल्या. "प्रोफेसर म्हणाले, वा, कोणाचा नमुना आहे हा? पुस्तकात छापावा असा. मी म्हटलं, माझ्या बाबांचा. ते म्हणाले, मग त्यांना लगेच भरती करा."

एवढं सांगून त्या उठल्या. जेल बघायला आत गेल्या.

त्या रेघेला आमच्या भाषेत एम बँड म्हणतात. मल्टिपल मायलोमा नावाच्या कॅन्सरमध्ये ती दिसते. म्हणूनच बाबा पहिल्या लेनला, बाकीच्यांना त्यांच्याशी ताडून बघायला. हाडांच्या मगजातली एकच पेशी वाढत सुटते, तिच्यासारख्या लाखो होतात आणि सगळ्या मिळून एकच प्रथिन बनवत राहतात. वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरांना मॅडम हे आमच्या वडशाच्या बाजारावरून समजावायच्या. "बाजारात लोक बोलत असतात. लांबून तुम्हाला नुसता गलका ऐकू येतो. तो चांगला. ते धुकं म्हणजे तो गलका. पण सगळा बाजार एकच शब्द ओरडायला लागला तर? ती ही रेघ."

एकदा त्यांतला एक हुशार मुलगा जेल बघून म्हणाला, "ब्यूटिफुल बँड, मॅम." मॅडमनी जेल खाली ठेवलं. "ज्याची आहे तो पाचव्या वॉर्डात झोपला आहे. जा, त्याला सांगून ये." मुलगा उभाच राहिला. "जा ना," त्या शांतपणे म्हणाल्या. तो गेला. वॉर्डात जाऊन त्या म्हाताऱ्याजवळ नुसता बसून परत आला. पुढे तो मॅडमचा फार लाडका झाला.

पेशंटशी त्या बल्लारपूरचीच भाषा बोलायच्या. पाठदुखीची बाई आली की पहिला प्रश्न ठरलेला असे. "लुगडं पायात येते का आजकाल?" बाई चमकून बघायची. होय म्हणाली की मॅडमचा चेहरा बदलायचा. पाठीचे मणके आतून पोखरून दबले की माणूस बुटकं होतं. त्याला ते कळत नाही, पण लुगडं लांब झाल्यासारखं वाटतं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या बाबांनी शेवटच्या वर्षी धोतराबद्दल तक्रार केली होती की हे नवीन धोतर लांब निघालं.

त्यांच्याबद्दल आणखी एक सांगायला हवं. रेघ दिसली की त्या लगेच विश्वास ठेवत नसत. एकदा वडशाच्या एका शिक्षिकेच्या नमुन्यात रेघ आली. वयाने लहान होती बिचारी, नवरा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. मॅडम त्या रेघेकडे खूप वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हिची जागा बरोबर नाही. बाबांच्या रेघेच्या पुढे आहे ही. नळी दाखव." नळी चुकीची होती. रक्त गोठू नये म्हणून औषध घातलेली. न गोठलेल्या रक्तात गोठवणारं प्रथिन तसंच राहतं आणि तेही अशीच रेघ काढतं. नवीन नळीत रक्त घेतलं तर लेन स्वच्छ आली. शिक्षिका आणि तिचा नवरा हसत, रडत गेले. मॅडमनी मात्र दुपारी जेवण केलं नाही. "दोन्हीकडून चुकता येतं," एवढंच त्या म्हणाल्या.

सुकरीबाई कोवे आल्या त्या याच्या पुढच्या वर्षी. कुरखेड्याच्या आतल्या बाजूचं गाव त्यांचं. गोंड कुटुंब. थोडी धानाची शेती, बाकी मोहफूल, तेंदू, हिरडा. सोबत लग्नाची मुलगी, रेखा. सुकरीबाईंच्या पिशवीत सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं, कार्ड होतं. आमच्या भागात हे कार्ड घरोघरी असतं. त्या सिकलच्या वाहक होत्या. कंबर, पाठ, बरगड्या दुखत होत्या, रक्त कमी होतं, आणि जिथे जातील तिथे कार्ड बघून सिकलचंच दुखणं आहे असं सांगून गोळ्या देत होते.

त्यांचा ईएसआर शंभराच्या खूप वर होता. तांबड्या पेशी नळीत किती भराभर खाली बसतात त्याचा तो आकडा. मॅडमनी तो कागद मला दाखवला. "वाहकाचं रक्त एवढं कमी होत नाही. हाडं अशी दुखत नाहीत. आणि हा आकडा सिकलचा नाहीच." मग त्यांनी काचपट्टी मागवली. पातळ केलेली होती. तरी पेशींच्या चवडी होत्या. त्या सूक्ष्मदर्शकावरून उठल्या आणि मला म्हणाल्या, "तू बघ. जाड आहे का काचपट्टी?"

"नाही मॅडम."

"नीट बघ."

"पातळच आहे."

दुसऱ्या दिवशी जेल लावलं. खिडकीत धरलं. पहिल्या लेनमध्ये बाबा. चौथ्या लेनमध्ये सुकरीबाई. दोन्ही रेघा एकाच उंचीवर, एकाच जाडीच्या. मधल्या दोन लेन नसत्या तर एकाच माणसाच्या वाटल्या असत्या. मॅडमनी जेल माझ्या हातात दिलं आणि त्या बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. फुटाणे काढले नाहीत.

सुकरीबाई रिपोर्ट न्यायला आल्याच नाहीत. रेखाचा फोन लागत नव्हता. आठवडा गेला, दुसरा गेला. एका रविवारी सकाळी मॅडमची गाडी आमच्या वडशाच्या घरासमोर येऊन थांबली. मी सुट्टीला घरी आहे हे त्यांना माहीत होतं. सर गाडी चालवत होते. "चल," मॅडम म्हणाल्या, "सिरिंज आणि नळ्या आणल्या आहेत."

कुरखेड्यापुढे रस्ता जंगलातून जातो. धान पिवळं झालं होतं, कापणी सुरू होती. गावात बहुतेक घरं रिकामी, सगळे शेतात. सुकरीबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. दोन्ही हात बाजेवर टेकून, अंग तोलून. आम्हाला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

"बसा, बसा," मॅडम म्हणाल्या आणि स्वतः जमिनीवर बसल्या.

"एवढ्या दूर काऊन आल्या बाई?" सुकरीबाई म्हणाल्या. "कागद रेखाजवळ देल्ला असता."

"कागद वाचून तुम्ही आल्या असत्या का?"

सुकरीबाई हसल्या. हसताना बरगडीला हात लावला. "सिकल हाय मले. कार्ड हाय."

"कार्ड खरं हाय. पण हे दुखणं त्याचं नाई. रक्ताचा दुसरा आजार हाय, हाडं खाते तो. नागपूरले जा लागते. औषध हाय त्याच्यावर. पुरता नाई जात, पण मागं सरकते."

"आता धान कापाचे हायेत. कापणी झाली का पाहू."

अंगणात कोंबडी फिरत होती, तिच्याकडे मॅडम बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझे बाबाही असंच म्हणत होते. दसरा झाला का पाहू."

"मंग?"

"दसरा झाला. बाबा नव्हते."

सुकरीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "हाच आजार?"

"हाच."

"तुमी डाक्टर होत्या नं तवा?"

"होत होती. शिकत होती."

"मंग तुमाले नाई दिसलं?"

मी मान खाली घातली. सर गाडीकडे निघून गेले.

"दिसलं होतं," मॅडम म्हणाल्या. "मले वाटलं, माझंच काम चुकलं."

सुकरीबाई म्हणाल्या, "मंग माझ्या वक्ती नाई चुकलं कशावरून?"

"म्हणूनच आली मी. परत रक्त घ्याले. परत पाहतो. तेच आलं तर तुम्ही नागपूरले जासाल. वेगळं आलं तर मी इथी येऊन तुमची माफी मागीन."

सुकरीबाईंनी हात पुढे केला. मी रक्त घेतलं. निघताना त्यांनी मॅडमना एवढंच विचारलं, "तुमचे बाबा काय काम करत?"

"बांबू उतरवत. मिलमध्ये."

"आमच्या जंगलातलाच बांबू असन," सुकरीबाई म्हणाल्या.

आम्ही परत निघालो. वडशाला मला उतरवताना मी धीर करून विचारलं, "मॅडम, बाबा कसे होते?"

त्या म्हणाल्या, "उंच होते." मग थांबल्या. मी वाट बघत राहिले. "आवाज..." असं म्हणून पुन्हा थांबल्या. शेवटी म्हणाल्या, "आठवत नाई गं संध्या. आठवायला गेली की मले ती रेघच दिसते. बाबा म्हटलं की तेवढीच."

तपासणीत पुन्हा तीच रेघ आली. सुकरीबाई शब्दाला जागल्या, नागपूरला गेल्या. नागपूरच्या तपासण्यांनी तेच सांगितलं, औषधं सुरू झाली. इंजेक्शनं तिथे आणि दर काही महिन्यांनी प्रथिनांची तपासणी आमच्याकडे. रेखा आईला वडशाहून गाडीने आणायची. सुकरीबाई खिडकीशी उभ्या राहून स्वतःची लेन बघायला मागायच्या. मॅडम एरवी पेशंटला आत येऊ देत नसत. त्यांना देत.

"हे मी का?"

"हो."

"पयल्यापेक्षा बारीक दिसून राह्यली."

"बारीकच झाली."

"अन् हे कोन? हे तर तशीच हाय."

"ते बाबा," मॅडम म्हणाल्या. "ते तसेच राहतात."

सुकरीबाईंनी त्या रेघेकडे बघून हात जोडले. साधेपणाने, ओळखीच्या म्हाताऱ्याला करावा तसा तो नमस्कार होता. त्यानंतर दर खेपेला करायच्या. सुकरीबाईंची रेघ फिकी होत गेली आणि एका तपासणीत दिसेनाशी झाली. त्यांच्या लेनमध्ये धुकं परत आलं. त्या दिवशी मॅडमनी मला पायरीवर फुटाण्यांची सगळी पुडी देऊन टाकली.

त्याच उन्हाळ्यात फ्रीजर गेला. चंद्रपूरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला वेगळं सांगायला नको. शनिवारी आमच्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर जळला. जनरेटर ऑपरेशन थिएटरला आणि वॉर्डांना पुरला, आमच्या टोकाच्या खोलीला नाही. सोमवारी मी दार उघडलं तेव्हा फरशीवर पाणी होतं आणि वास येत होता. बाबांच्या कुप्या वरच्या कप्प्यात कोमट पाण्यात तरंगत होत्या. फार उरल्या नव्हत्या, पण होत्या.

मॅडम आल्या. त्यांनी फ्रीजर पाहिला, कुप्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "जेल लाव."

"मॅडम, हे आता..."

"लाव तू."

मी लावलं. पहिल्या लेनला बाबा. दुपारी जेल रंगवून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते खिडकीत धरलं. बाकीच्या लेन ठीक होत्या. पहिल्या लेनमध्ये वरपासून खालपर्यंत एक निळा ओघळ होता. रेघ नव्हती.

मी त्यांच्या मागे उभी होते, त्यामुळे चेहरा दिसला नाही. त्यांचा हात स्थिर होता. त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या, इतका वेळ की जेल वाळून कडेने वळू लागलं.

"बाबा नाही आले," त्या म्हणाल्या.

मग वळल्या. नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पहिली लेन फसली म्हणजे बाकीच्या लेनवरही विश्वास ठेवायचा नाही. आजचे सगळे रिपोर्ट थांबव. फेकून दे हे. कुप्याही."

"कुप्या मी ठेवते एखादी..."

"नाही संध्या. सडलं आहे ते. पिवळ्या पिशवीत जाऊ दे, बाकीच्या कचऱ्यासारखं."

मी त्या पिवळ्या पिशवीत टाकल्या. मॅडम तोवर दारात उभ्या होत्या. पिशवीची गाठ मारल्यावर त्या गेल्या आणि हात धुवून आल्या.

पहिल्या लेनला आता कोणीतरी हवं होतं. नागपूरला विचारलं तर पाठवतो म्हणाले, वेळ लागणार होता. मला आठवलं, मेन लॅबच्या फ्रीजरला जनरेटर होता आणि तिथे सुकरीबाईंचं जुनं सीरम ठेवलेलं होतं, उपचाराआधीचं, त्या अंगणात घेतलेलं. मॅडम म्हणाल्या, "तिला विचारल्याशिवाय नाही."

सुकरीबाई पुढच्या खेपेला आल्या तेव्हा मॅडमनी त्यांना बाकावर बसवून सगळं सांगितलं. लाईट गेली, बाबा गेले, हेही.

"जुनं आजाराचं रक्त हाय ते," मॅडम म्हणाल्या. "तुमचं आताचं चांगलं हाय. ते जुनं इथी ठेवू का? लोकांचं रक्त पाहताना ते बाजूले लावाले लागते. तुम्हाले नको वाटत असन तर नाई ठेवत."

सुकरीबाईंनी रेखाकडे पाहिलं. रेखा म्हणाली, "मले नाई आवडत बाई ते. आईचं रक्त असं फ्रीजरमधी."

"आमच्यात मेल्यावर मानूस घरातच रायते," सुकरीबाई म्हणाल्या. "मी जित्तीच हावो अजून, तरी ठेवा. पन माझं नाव लिवा वरतं. नुसतं आई-बाई नका लिवू. सुकरी लिवा."

मॅडमनी मान डोलावली. कुप्यांवर नाव मी लिहिलं.

बाबांनंतर मॅडम बदलल्या का, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. काम तसंच होतं. लुगड्याचा प्रश्न तोच होता. फक्त जेल खिडकीत धरल्यावर सुरुवातीला त्या जे म्हणायच्या ते म्हणणं थांबलं. त्या गप्प बघायच्या. कधी मीच म्हणायचे, "सुकरीबाई नीट आल्या." त्या नुसत्या "हं" करायच्या. एकदोनदा मी खोलीत शिरले तेव्हा त्या रिकाम्या फ्रीजरचं दार उघडून उभ्या होत्या. तो दुरुस्त करूनही आम्ही वापरत नव्हतो. मी आलेली बघून त्यांनी दार लावलं, घाई न करता.

सुकरीबाईंची रेघ पुढे परत आली. या आजारात ती येते. मॅडमची रिटायरमेंट तोंडावर होती, तरी ते त्यांनीच सांगितलं. सुकरीबाई म्हणाल्या, "मले ठाऊक होतं. कंबर बोलून राह्यली होती." दुसरी औषधं दिली. त्यांनी आणखी काही पिकं पाहिली. रेखाचं लग्न झालं, नात मांडीवर आली. मग एका पावसाळ्यात रेखाचा फोन आला, आई घरीच गेली म्हणून.

त्या वेळी मॅडम रिटायर होऊन बल्लारपूरला होत्या. फोनवर सांगणं मला बरं वाटेना. मी गेले. सरांनी दार उघडलं, जयभीम घातला आणि आत बोट दाखवलं. मॅडम स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "रेखानं मलाही फोन केला. मी जाऊन आले." थोड्या वेळाने विचारलं, "पहिली लेन?"

"सुकरीबाईच आहेत मॅडम. अजून भरपूर कुप्या आहेत."

"रेखा विचारत होती," त्या म्हणाल्या, "आई तिथे आहे का अजून. मी म्हटलं, आहे. तिला बघायला यायचं आहे. आली तर दाखव."

जेवण झालं. त्या मला स्टेशनवर सोडायला आल्या. गोंदियाची गाडी उभी होती. मी डब्यात चढून खिडकीशी बसले, त्या खाली उभ्या राहिल्या. फलाटावरून एक म्हातारा काठी टेकत येत होता. पार वाकलेला, कंबरेतून. तो मॅडमपाशी येऊन थांबला. मान तिरकी करून त्यांच्याकडे बघू लागला.

"खोब्रागडेची मोठी पोरगी ना तू? वंदी?"

मॅडमचं माहेर खोब्रागड्यांचं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "हो."

"म्या वळखलं. बापासारखी उभी रायतं, एका पायावर भार देऊन. म्या आन् तुया बाप एकाच गँगात होतो, बांबूच्या यार्डात. अगं, काय आवाज होता त्याचा. मिलच्या भोंग्याची नक्कल करे तो. एकदा जेवणाच्या सुट्टीआधी त्यानं असा भोंगा वाजवला तोंडानं, का आर्धी गँग डबे घेऊन बाहेर. साहेब धावत आला, भोंगा कोनं वाजवला म्हणून..."

त्याची पाठ मला दिसत होती. मॅडमना दिसली नसेल असं होणार नाही. इतक्या वर्षांत वाकलेल्या पाठीजवळून त्या काही न विचारता गेल्या, असं मी पाहिलेलं नाही. मी वाट बघत होते, त्या आता विचारतील म्हणून.

त्यांनी विचारलं नाही. त्याच्या हातातली पिशवी घेतली, त्याला बाकाशी नेलं आणि शेजारी बसल्या. "मग?" एवढं मला ऐकू आलं. "साहेब काय म्हणाला मग?"

गाडी हलली. म्हातारा दोन्ही हात तोंडाशी नेऊन काहीतरी करून दाखवत होता. मॅडम तोंडावर पदर धरून हसत होत्या, खांदे हलत होते. मी खिडकीतून हात केला. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.